दोनच चुका

नरहररावांनी पहिल्याच दिवशी माझ्या नावात चूक काढली.

राळेगावात आमचं दोन मजली घर आहे. खाली मी, माझा पोरगा अक्षय अन् सून निशिगंधा. वरच्या दोन खोल्या भाड्यानं असतात. तीन साल झाले, बँकेत बदली होऊन आलेली मिताली नावाची पोरगी खोल्या पाहायले आली. संगं तिचा बाप, माय गेल्यापासून तिच्याजवळच राहणारा. साताऱ्याकडचे लोक. बाप उंच, वाळका, सदऱ्याच्या खिशाले दोन पेन, एक निळा, एक लाल. भाड्याच्या कागदावर मी सही केली. मी तिसरी शिकलेली. सही म्हणजे मले एक एक अक्षर खुरप्यानं ओढून काढा लागते. ती पुरी झाली, तसा त्या माणसानं कागद उचलला, चष्म्यावरून पाह्यलं अन् म्हणाला,

"मैनाबाई, बाईमधली ई दीर्घ असते. तुम्ही ऱ्हस्व काढलीय."

मी म्हटलं, "एकोणसाठ वर्षांपासून ऱ्हस्वच आहो. कोणाचं काही अडलं नाही."

पोरगी लाजली. "बाबा, पुरे ना! काकू, राग मानू नका. बाबा छापखान्यात होते. पस्तीस वर्षं पुस्तकांतल्या चुका काढल्या. आता लग्नपत्रिका दिसली तरी लाल पेन काढतात."

"मग आमच्या गावात लय काम मिळन त्याइले," मी म्हटलं.

त्यावर तो माणूस हसला. आवाज न करता, खांदे हलवून. मले राग आला होता, तो तिथंच अर्धा झाला, अन् त्याचाच मले उरलेला दिवसभर राग आला.

दुसऱ्या दिवसापासून मी एक मूर्खपणा केला. आमच्याकडे बाई असो का माणूस, सगळे 'मी जातो, मी येतो'च म्हणतात. मले, तुले, काहून, कायले. घरात, वावरात, बाजारात मी तेच बोलत आली. पण त्यांच्यासमोर माझ्या तोंडून एकदा 'मला' निघालं, अन् मग ते मागं घेता आलं नाही. 'मी येते हं.' 'मला वाटतं.' 'करमतं ना इथे?' टीव्हीतल्या बायांचं ऐकून ऐकून जमवलं. जीभ घासून, पुसून, ताटासारखी त्यांच्यासमोर ठेवायची. चौदा एकराची मालकीण मी, कापूस वेचणीच्या सोळा बायांची टोळी एका आवाजात हाकतो, अन् भाडेकरूसमोर परीक्षेले बसल्यासारखी बोलत होती.

त्या टोळीची मोतीबाई एकदा फाटकाशी उभी राहून हे ऐकत होती. नरहरराव वर गेल्यावर म्हणाली, "अवं बाई, तुले काय झालं व? बातम्या सांगून राह्यली का?"

"तू तुह्या कामाचं बोल."

"बोलतो ना. पण तू पहिले माणसात ये."

संध्याकाळी नरहरराव जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसत. मी अंगणातल्या बाजेवर. ते पेपर मोठ्यानं वाचत. मिताली बँकेतून उशिरा येई, निशिगंधा स्वयंपाकात. एक दिवस पेपरात कपाशीवर काहीतरी होतं, फवारणी कधी करायची वगैरे. मी म्हटलं, "हे लिहिणाऱ्यानं बोंड पाहिलेलं नाही. या दिवसात बोंडं कुठे असतात?" ते थांबले, परत वाचलं. "मला ही चूक दिसलीच नाही," म्हणाले.

"तुम्ही अक्षरातल्या चुका पाहता. मी गोष्टीतल्या."

"मग आपण दोघं मिळून एक धड माणूस होतो," ते म्हणाले अन् पुढची बातमी वाचू लागले.

मी उठून भात पाहायले आत गेली. चुलीवर भात नव्हताच.

माझे मालक वामनराव जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. माणूस चांगला होता. चांगला म्हणजे मारत नव्हता अन् पीत नव्हता. आमच्याकडे तेवढ्याले चांगला म्हणतात. एकतीस वर्षांत त्यानं मले दोनच गोष्टी विचारल्या असतील, जेवण झालं का, म्हणजे तयार झालं का, अन् बैल पाण्यावर नेले का. म्हणून नरहररावांनी जेव्हा विचारलं, "मैनाबाई, तुम्हाला काय आवडतं?" तेव्हा मी म्हटलं, "अक्षयला भरली वांगी आवडतात."

"अक्षयचं नाही विचारलं."

मले संताप आला. या वयात असं विचारतात का कोणाले? उत्तर नसलं म्हणजे माणसाले संतापच येतो. दोन दिवस मी बाजेवर बसलीच नाही. वाती वळल्या, तूर निवडली, सुनेवर खेकसली. तिसऱ्या दिवशी अंगण झाडता झाडता मी वर आवाज दिला, "कापसाच्या गंजीवर लोळायला."

वरून पेपर मिटल्याचा आवाज आला. मग, "शेवटचं कधी लोळलात?"

"लग्नाआधी."

त्या हंगामात कापूस समोरच्या खोलीत खिडकीपर्यंत भरला होता. एक दिवस दुपारी अक्षय, निशिगंधा लग्नाले गेलते. नरहरराव खाली आले, खोलीच्या उंबरठ्यावर बसले, खोलीकडं पाठ केली अन् पेपर उघडला. "जा," म्हणाले. "मी इकडे वाचतोय. कोणी आलं तर सांगीन, मैनाबाई झोपल्यात. खोटंही नाही होणार."

मी चढली. साठीले टेकलेली बाई, गुडघे वाजतात, लुगडं आवरत चढली. कापूस आतून गरम असतो. पहिले अंग खाली जाते, मग सरकी पाठीले टोचते, मग काहीच टोचत नाही. मले वाटलं होतं मी रडन. रडली नाही. झोपली. चांगली तासभर झोपली. उठली तर ते तिथंच, पाठ तशीच, आवाज बसलेला, अन् वाचत होते. बातम्या संपल्या होत्या. कुठल्यातरी नगरपालिकेची जाहीर सूचना चालू होती.

"थांबला का नाहीत?" मी विचारलं.

"आवाज थांबला असता तर तुम्ही जाग्या झाला असता."

अंग दोन दिवस खाजलं. कापसात लोळलं की खाज सुटते, हे मी विसरलीच होती. निशिगंधानं खोबरेल लावून दिलं. "आई, काय चावलं जी?"

"किडा."

"हो," ती म्हणाली, "दिसून राह्यला किडा. उंच आहे."

मी तिच्या हातावर चापट मारली. पण जोरात नाही मारली, अन् तिनं ते ओळखलं.

लिहायले त्यांनीच शिकवलं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं. मी लिहायची, ते लाल पेन चालवायचे. पहिले पान लालेलाल. मग कमी कमी होत गेलं. शेवटी एखादी वेलांटी, एखादं टिंब. "आता तुम्ही कोणालाही पत्र लिहू शकता," म्हणाले. मी म्हटलं, "मला कोण आहे पत्र लिहायला?" ते पेनाचं टोपण लावत बसले.

मागच्या मे महिन्यात मितालीची बदली आली, परत साताऱ्याले. सोमवारी कागद आला, गुरुवारी गाडी ठरली. मंगळवारी संध्याकाळी नरहरराव तिसऱ्या पायरीवर बसले, पण पेपर आणला नव्हता.

"मिताली म्हणते, बाबा, तुमचं तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "तिला मी तिथे हवा असं नाही. तिचं लग्न ठरतंय. मला तिथेही एक खोलीच, इथेही एक खोलीच. मग म्हटलं, तुम्हाला विचारावं. तुम्ही म्हणत असाल तर मी राहतो."

जे ऐकायचं होतं, ते माणसानं समोर बसून सांगितलं. अन् मी काय म्हटलं? मी म्हटलं, "मी काय म्हणणार? खोली सोडायची तर महिनाभर आधी सांगायचं असतं."

त्यांचे खांदे हलले. "तोंडाने सांगवत नसेल तर लिहून द्या," म्हणाले. "आता येतं की तुम्हाला."

बुधवारी दुपारी मी दार लावून बसली. एक ओळ लिहायले तीन तास. 'प्रेम' लिहायचं नव्हतं. तो शब्द मी जन्मात तोंडात घेतला नाही, लिहून कायले खोटं बोलू? 'आवडता' लिहिलं अन् खोडलं; आवडते भाजी. 'तुमच्याशिवाय करमत नाही' लिहिलं. त्यात एकही चूक नव्हती. पण वाचलं अन् वाटलं, ही दुसऱ्या बाईची साडी मी नेसून उभी आहो. लहानपणी मी मामाच्या घरून पळून आली होती, मायनं विचारलं काहून आली व, तर मी काय म्हटलं होतं? म्हटलं होतं, मले गमत नाही. नव्यानं सासरी आली, तेव्हा पहिलं वर्ष मनात तेच. गमत नाही म्हणजे जीव लागत नाही, घर खाते, कुठंच बसवत नाही. आमच्याकडे लेकरू, म्हातारं, गायीचं वासरूसुद्धा याच शब्दात आजारी पडते. तो कागद फाडला अन् दुसऱ्यावर लिहिलं,

तुमच्याशिवाय मले गमत नाही.

तो पहिला दिवस सोडला, तर दोन वर्षांत त्या माणसासमोर मी पहिल्यांदा माझ्या तोंडचं बोलली. तेही लिहून.

निशिगंधाच्या हाती डब्यात मेथीचे पराठे दिले, झाकणाखाली कागद. तासाभरानं डबा परत आला. डबा रिकामा पाठवू नये म्हणून त्यात साखर घातलेली. साखरेवर माझाच कागद. 'मले' मधला ले खोडून वर ला केलेला. अन् 'गमत' मधल्या ग वर लाल टिंब. गंमत. तुमच्याशिवाय मला गंमत नाही. खाली त्यांचं ते ठसठशीत अक्षर, 'छान. दोनच चुका.'

मी एक एक अक्षर बोट ठेवून परत वाचलं. निशिगंधा मागून वाचत होती, ते मले उशिरा समजलं.

"अरे देवा," ती म्हणाली. मग हसू आवरत, "आई, त्याइले समजलंच नाही. त्याइच्याकडे हा शब्दच नाही जी. मी वर जाऊन सांगू का, गमत म्हणजे काय?"

"खबरदार."

"मग तुम्ही सांगा. दोन मिनिटांचं काम आहे."

"माझा जीव अन् त्यानं त्यावर टिंब दिलं. अन् मी जिना चढून अर्थ सांगू?"

"तुम्ही कधी त्याइच्यासमोर गमते म्हटलं का? करमते, करमते करत होत्या ना दोन वर्षं! त्याइनं कुठून शिकावं?"

खरं बोलली. सून खरं बोलते तेव्हा फार राग येतो. मी तिले म्हटलं, पराठ्यात मीठ जास्त होतं, पहिले ते पाहा. अन् आत गेली.

गुरुवारी गाडी आली, तेव्हा मी घरी नव्हती. सकाळच्या पहिल्या एसटीनं वावरात गेली. मोतीबाई बांधावर काड्या वेचत होती. मले पाहून कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मे महिन्यात वावरात काय आहे व बाई? ढेकळं मोजाले आली का?"

"हो."

"मोज मग. मी मदत करू?"

मी निंबाखाली बसली. दोन वाजेपर्यंत. मोतीबाईनं भाकर दिली, ती खाल्ली. तिनं काही विचारलं नाही. ती बाई न विचारायची किंमत जाणते. घरी आली तर वरच्या खोलीले कुलूप. निशिगंधानं सांगितलं, नरहरराव अर्धा तास जिन्यावर बसले होते, ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला, मग उठले.

जून, जुलै, ऑगस्ट. डवरणं, निंदण, फवारणी, वावरातलं सगळं वेळेवर केलं. खोल्या पाहायले तीन जण आले. एकाले म्हटलं वर गळते. दुसऱ्याले म्हटलं पाणी चढत नाही. तिसरा मास्तर होता, त्याले म्हटलं मास्तराले देत नाही. अक्षय म्हणे, आईले झालं काय? त्याची बायको त्याले म्हणे, तू गप बस.

पोळा होऊन चार दिवस झाले होते. सकाळचे दहा असतील. फोन वाजला.

"मैनाबाई, मी नरहर बोलतोय. साताऱ्याहून."

"बोला."

"गमणे," ते म्हणाले. नमस्कार नाही, तब्येत नाही. "काल मितालीला निशिगंधाचा फोन आला होता. मला आज कळलं. मैनाबाई, आमच्याकडे गमते म्हणजे वाटते, तेही कवितेत. मला वाटलं टिंब राहिलं. मला वाटलं, बाई म्हणतेय तुमच्यामुळे जरा गंमत होती. एवढंच. मी त्यांच्या घरची करमणूक. मला लागलं ते. लागलं म्हणून तसं लिहिलं खाली."

निशिगंधा समोर लसूण सोलत होती. एकाच पाकळीवर तिचं नख किती वेळ फिरत होतं.

"मग विचारलं काहून नाही?" मी म्हटलं.

"काय?"

"म्हटलं, विचारलं काहून नाही. मी खालीच होती. सोळा पायऱ्या आहेत. उतराले किती वेळ लागते?"

तिकडून हळूच, "तुम्ही अजून असं बोलता?"

"असंच बोलतो. जन्मापासून. मी जातो, मी येतो, मले, तुले. दोन वर्षं तुमच्यासमोर बोलली, ती मी नव्हती."

"मग आधी का नाही बोललात असं?"

"तुम्ही लाल पेन काढला असता."

"नसता काढला."

"काढला."

मले त्यांचा श्वास ऐकू येत होता. दमलेल्या माणसाचा. मग म्हणाले, "मी येऊ का, मैनाबाई? येत्या आठवड्यात. कायमचा."

हो म्हणायले एकच अक्षर लागते. त्यात ऱ्हस्व नाही, दीर्घ नाही, चुकायची सोय नाही. मी तोंड उघडलंही. पण मले दिसलं, ते तिसऱ्या पायरीवर बसले आहेत, मी बाजेवरून 'मले' म्हटलं, अन् ते काही बोलत नाहीत. चांगुलपणानं गप्प बसले आहेत. हात खिशाकडं गेला अन् त्यांनी तो मागं घेतला. रोज असा मागं घेतलेला हात मी पाहू? मले तो माणूस पाहिजे होता. अजूनही आहे. पण त्याच्यासमोरची ती घासलेली, पुसलेली बाई मले पुन्हा व्हायचं नव्हतं, अन् घासल्याशिवायची बाई तुम्हाले चालन का, हे विचारायची माझी छाती नव्हती. खरं तेवढंच आहे. मी त्याले मान म्हणतो. लोक आखडू म्हणतील, म्हणू द्या.

"नका येऊ," मी म्हटलं. "खोल्या दिल्या."

"दिल्या?"

"हो."

"बरं," ते म्हणाले.

बरं! आमच्याकडचा माणूस असता तर भांडला असता. म्हटला असता, कोणाले दिल्या, केव्हा दिल्या, खोटं काहून बोलतं व मैने? एवढं म्हटलं असतं तरी मी ढासळली असती. पण त्या माणसाचा आयुष्यभराचा धंदा असा, समोर जे आलं ते खरं मानायचं अन् फक्त शुद्धलेखन पाहायचं. त्यानं फोन ठेवला. मी तो कानाशी धरून तशीच बसली, अन् निशिगंधानं येऊन तो हातातून काढून घेतला.

"आई. येतो म्हणाले ना ते?"

"तू कायले सांगितलं तिले?"

"तुमचे हाल पाहवत नव्हते म्हणून. वरणात दोनदा मीठ टाकता. खोल्या पाहायले आलेल्या माणसाले हाकलता. येतो म्हणाले ना?"

"म्हणाले."

"अन् तुम्ही?"

"नको म्हटलं."

तिनं माझ्याकडं पाह्यलं. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या सुनेनं माझी कीव केली. ती परत लसणाजवळ जाऊन बसली. मान वर न करता म्हणाली, "गमन का पण तुम्हाले?"

"अक्षयले सांग," मी म्हटलं, "वरच्या खोल्या देऊन टाक. या महिन्यातच दे. मास्तर असो, पोलीस असो, कोणीही असो. फक्त माणूस इकडचा पाहा म्हणा."